वाफेची ओढ

हे निवांत वाचावं असं आहे. विषय यंत्राचा, त्यातही कारखान्याच्या कोपऱ्यात लॅगिंगचं उष्णतारोधक आवरण गुंडाळून आडव्या पडलेल्या एका नळीचा. ही नळी म्हणजे स्टीम इजेक्टर. तिच्यात फिरणारं काही नाही, घासणारं काही नाही, चालू असताना बघण्यासारखंही काही नाही. म्हणूनच तिच्याबद्दल घाईने वाचलं तर हाती फक्त चार आकडे उरतात. तेव्हा जमेल तिथे थांबा, डोळे मिटा, सांगितलेलं समोर आणा आणि मगच पुढच्या परिच्छेदावर या.

सुरुवात पाण्यापासून करू. एका बंद टाकीत शंभर लिटर पाणी आहे, साधं नळाचं, तीस अंशांचं. खाली जाळ नाही. पाण्याच्या वाफेचा दाब वरच्या दाबाला पुरून उरला की पाणी उकळतं. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, म्हणून तिथे १०० अंश लागतात. महाबळेश्वरला हवा विरळ, तिथे पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच आधण येतं. आता टाकीतली हवा काढत चला. दाब ३२ मिलिमीटरवर उतरला की हे तीस अंशांचं पाणी जाळाशिवाय उकळायला लागेल. दाब आणखी उतरवत ९ मिलिमीटरपर्यंत नेलात, तर दहा अंशांचं पाणीसुद्धा खदखदेल.

इथे थोडं रेंगाळा. पाणी खदखदतंय आणि हाताला गार लागतंय. आपल्या मनात उकळणं आणि चटका यांची गाठ इतकी पक्की बसलेली असते की ती सुटायला वेळ लागतो. ती सुटू द्या. उकळायला उष्णता लागतेच. बाहेरून मिळाली नाही तर पाणी ती स्वतःच्या अंगातून काढतं. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,४८० किलोज्यूल उष्णता तिच्याबरोबर जाते. शंभर लिटरांतलं एक लिटर असं उडालं की मागचं नव्व्याण्णव लिटर सहा अंशांनी उतरतं. ना अमोनियाचा वास, ना फ्रिजच्या गॅसचा सिलिंडर. थंड होणारं पाणीच आणि थंड करणारंही पाणीच.

अडचण त्या उडालेल्या एका लिटरची आहे. दहा अंशांवर एक किलो वाफ सुमारे १०६ घनमीटर जागा व्यापते. पाच मीटर रुंद, सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी खोली डोळ्यांसमोर आणा. लिटरभर पाण्याची वाफ ती खोली काठोकाठ भरून टाकते. ही वाफ टाकीतून सतत काढत राहिलं नाही तर दाब वाढतो, उकळणं थांबतं आणि थंड होणंही थांबतं. ती काढायला पिस्टनचा कॉम्प्रेसर लावायचा म्हटलं तर त्याचा सिलिंडर एखाद्या शेडएवढा करावा लागेल. इतकी विरळ, इतकी फुगलेली वाफ ओढून न्यायची कुणी? उत्तर असं निघालं, की तिला दुसऱ्या वाफेनेच न्यावं.

बॉयलरवरची माणसं म्हणतात तशी सात किलो प्रेशरची वाफ घ्या. तिचं तापमान १७० अंशांच्या आसपास. ती एका नॉझलमधून सोडा. हे नॉझल आधी निमुळतं होत जातं, एका जागी अगदी अरुंद होतं आणि तिथून पुन्हा रुंदावत जातं. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी आपल्या टर्बाइनसाठी हा आकार वापरला. अरुंद जागेत, थ्रोटमध्ये, वाफेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो. पुढे रुंद जागा मिळाल्यावर तो कमी होईल असं आपल्याला वाटतं, पण वाढतो. सेकंदाला हजार-बाराशे मीटरपर्यंत जातो. या वेगाची किंमत वाफ आपल्या दाबातून आणि उष्णतेतून चुकती करते. नॉझलच्या तोंडाशी तिचा दाब टाकीतल्या दाबाच्याही खाली गेलेला असतो आणि १७० अंशांची वाफ दहाएक अंशांवर आलेली असते.

इतकी गार झालेली वाफ वाफ राहते कशी? हिशेबाने तिच्यातल्या चौथ्या हिश्श्याचं पाणी व्हायला हवं. पण नॉझल ओलांडायला तिला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढाच वेळ मिळतो. थेंब व्हायलाही वेळ लागतो, आणि वाफेकडे तो नसतो. थेंब उशिरा आणि एकदम होतात. इजेक्टरचं गणित मांडणारे आजही या उशिरापाशी अडखळतात. वाफ आदर्श वायू आहे असं धरून काढलेली उत्तरं इथेच घसरतात.

या जोराच्या झोताभोवती टाकीतली थंड, संथ वाफ येते. झोताच्या कडेला दोघींची गाठ पडते, झोत तिला बरोबर ओढतो. पुढच्या नळीत दोघी मिसळतात, मग मिश्रण एका धक्कालहरीतून जातं, वेग खाली येतो आणि दाब चढतो. शेवटच्या रुंदावणाऱ्या भागात, डिफ्यूझरमध्ये, उरलेल्या वेगाचाही दाब होतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला कंडेन्सर असतो. कुलिंग टॉवरचं पाणी वाफेला तिथे पुन्हा पाणी करतं. एवढंच यंत्र. वाचलेलं एकदा मनात आडवं मांडून बघा: डावीकडून जोराची वाफ, वरून थंड वाफ, मध्ये भेट, उजवीकडे कंडेन्सर.

इतिहासावरून भरभर जाऊ. फ्रान्सच्या आंरी जिफारने १८५८ मध्ये बॉयलरचीच वाफ वापरून त्याच बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर केला, तेव्हा कित्येकांना ती हातचलाखी वाटली. आपल्याकडे वाफेच्या इंजिनांवर व्हॅक्यूम ब्रेकसाठी दोन इजेक्टर असत: ब्रेक लवकर सोडायला मोठा, आणि गाडी चालू असताना डब्याडब्यांतून झिरपणारी हवा काढत राहायला छोटा. मोरिस लब्लाँ यांनी १९१० च्या सुमारास वाफेच्या झोतावर चालणारं शीतयंत्र उभं केलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या इमारती आणि रेल्वेचे डबे असे गार केले जात. मग फ्रिऑन हा शीतयंत्राचा गॅस आला, आणि इजेक्टर मागे पडला. आता फ्रिऑनच्या वंशजांवरच बंधनं आली आहेत. आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने एचएफसी वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. म्हणून लोक पुन्हा या जुन्या नळीकडे वळले आहेत आणि विचारताहेत: हिची कार्यक्षमता वाढवता येईल का?

प्रश्न रास्त आहे. पण तो विचारण्याआधी कार्यक्षमता जाते कुठे, ते नीट बघू. मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा.

जोरात पळणाऱ्या माणसाने वाटेत उभ्या असलेल्या मुलाचा हात धरून त्याला बरोबर घेतलं, अशी कल्पना करा. मूल पळायला लागतं, माणसाचा वेग कमी होतो. दोघांचा मिळून जोर तेवढाच राहतो, पण त्या पहिल्या हिसक्यात काहीतरी कायमचं जातं. ते किती, याचा हिशेब करता येतो. एक किलो वाफ सेकंदाला १,२०० मीटरने येते. तिच्यात ७२० किलोज्यूल गतिज ऊर्जा आहे. ती अर्धा किलो संथ वाफ बरोबर घेते. संवेगाच्या नियमाने मिश्रणाचा वेग ८०० मीटर होतो. आता दीड किलोची ऊर्जा काढा: ४८० किलोज्यूल. २४० गेले. भिंतीचं घर्षण शून्य धरलं, नॉझल आरशासारखं घासलेलं धरलं, कारागिराच्या हातून कणभर चूक झाली नाही असं धरलं, तरी एक तृतीयांश गेलेच. ती ऊर्जा नाहीशी होत नाही. उष्णता होऊन त्याच वाफेत मुरते. पण दाब चढवायच्या कामाला ती येत नाही.

हा आकडा गिळायला थोडा वेळ घ्या. ज्या भेटीसाठी हे यंत्र उभं केलं, त्या भेटीतच सगळ्यात मोठी घट आहे. आणि जितकी जास्त वाफ ओढावी तितका घटीचा वाटा वाढतो. एक किलोने एक किलो ओढली, तर निम्मी ऊर्जा जाते. इजेक्टर सुधारायचा म्हणजे ही घट नाहीशी करायची, असं कुणी सांगत असेल तर त्याला ओळखीचा नमस्कार करून पुढे जावं.

ती सौम्य मात्र करता येते. उभ्या मुलाला हिसका बसतो, चार पावलं पळत आलेल्याला कमी बसतो. थंड वाफेचा प्रवेशमार्ग घंटेच्या तोंडासारखा गोलसर करून तिलाही भेटीआधी वेग दिला, तर वेगातली तफावत कमी होते. म्हणूनच नॉझलचं तोंड मिश्रणनळीपासून किती मागे ठेवायचं, यावर इतकं संशोधन झालं आहे. काही मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी ओढ बदलते. पाकळ्यांच्या आकाराची तोंडं, एकाऐवजी अनेक बारीक नॉझल, पुढेमागे सरकणारी सुई घातलेला थ्रोट, हे सगळे प्रयोग झाले आहेत आणि कमीअधिक फळले आहेत. १९५० मध्ये कीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजेक्टरचं जे गणित मांडलं, त्यावर आजची आकडेमोड उभी आहे. संगणकावर झोताचं रंगीत चित्र काढणं आता सोपं झालंय. ती चित्रं सुंदर असतात, पण त्या रंगांत रमून जाऊ नये असं माझं मत आहे. खरा फायदा बऱ्याचदा नळीच्या बाहेर असतो.

तिकडे जाण्याआधी एक समजूत तपासू. ओढ कमी झाली की ऑपरेटरचा हात वाफेच्या व्हॉल्व्हकडे जातो. प्रेशर वाढवलं की जास्त ओढेल, असं आपल्या सगळ्यांच्याच मनाला वाटतं. ही समजूत पुसू नका, तिच्यासकट नळीच्या आत बघा. थ्रोटमध्ये वाफ ध्वनीच्या वेगाने जातेच आहे. प्रेशर वाढवलं की त्याच प्रमाणात जास्त वाफ जाते. म्हणजे खर्च वाढला. हा जास्तीचा झोत नॉझलबाहेर पडल्यावर आणखी फुगतो. झोत आणि नळीची भिंत यांच्यामधली जी कडीसारखी जागा, तिच्यातूनच थंड वाफेला यायचं असतं. ती जागा अरुंद होते. खर्च वाढला आणि वाट आवळली. म्हणजे दर किलो वाफेमागे ओढ घटली. जास्त प्रेशरने एकच गोष्ट मिळते: कंडेन्सरचा जास्त दाब सोसायची ताकद. ती ताकद हवी असेल तेव्हा प्रेशर जरूर वाढवावं. एरवी व्हॉल्व्ह फिरवणं म्हणजे पैसे देऊन अडचण विकत घेणं.

तर कंडेन्सरकडे चला.

इजेक्टरचा स्वभाव असा, की कंडेन्सरचा दाब एका मर्यादेच्या आत असेपर्यंत त्याला काही फरक पडत नाही. दाब थोडा वर गेला, थोडा खाली आला, ओढ तेवढीच. ती मर्यादा ओलांडली की मात्र कडेलोट. ओढ एकदम घसरते, आणि आणखी थोडं पुढे गेलं की वाफ उलटी टाकीत शिरते आणि थंड केलेलं पाणी तापवायला लागते. ही मर्यादा डोक्यात ठेवून आता दोन आकडे बघा. टाकीत दहा अंश हवेत: दाब ९ मिलिमीटरच्या जरा वर. कंडेन्सर तीस अंशांवर असेल तर तिथला दाब ३२. म्हणजे इजेक्टरला दाब साडेतीनपट चढवायचा आहे. कंडेन्सर चाळीस अंशांवर गेला तर दाब ५५, आता सहापट. फरक दहा अंशांचा, पण चढण जवळजवळ दुप्पट.

आपल्या हवामानात हा फरक कुठून येतो, यावर जरा थांबण्यासारखं आहे. नागपूरचा मे महिना म्हटलं की आपण हात जोडतो. पण कुलिंग टॉवरला पारा किती चढला यापेक्षा हवा किती कोरडी आहे हे महत्त्वाचं, कारण तोही पाणी उडवूनच पाणी गार करतो. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत टॉवरचं पाणी जेवढं खाली उतरतं, तेवढं ते पावसाच्या तोंडावरच्या मुंबईत तेहतीस अंशांनाही उतरत नाही. अंगाची लाही होते त्या गावात टॉवर बरा चालतो, आणि घामाने चिकचिकतं त्या गावात इजेक्टर कडेलोटाच्या जवळ जातो. म्हणून एका मापाचा इजेक्टर देशभर बसवणं हा शहाणपणा नव्हे. आणि हिवाळ्यात कंडेन्सर आपोआप गार झाला म्हणून इजेक्टर आपोआप जास्त ओढत नाही, हेही लक्षात ठेवा. ती सवलत वसूल करायची तर वाफेचं प्रेशर उतरवावं लागतं किंवा नॉझल बदलावं लागतं. सुई असलेला थ्रोट तेव्हा उपयोगी पडतो.

आता चढणीचं दुसरं टोक. थंड किती हवंय? टाकीत दहाऐवजी पंधरा अंश चालणार असतील तर तिथला दाब ९ ऐवजी १३ मिलिमीटरच्या जवळ जातो. कंडेन्सर पस्तिसावर ठेवूनही चढण सव्वातीन पटीच्या आसपासच राहते. म्हणजे पाच अंशांची हाव सोडली तर कंडेन्सरचे पाच अंश माफ. दुधाचं उदाहरण घ्या. धारेचं दूध सदतीस अंशांना येतं आणि ते चारवर न्यायचं असतं. हे तेहतीस अंश एकाच यंत्राने उतरवायचा नियम कुणी केलेला नाही. पहिले वीस अंश पंधरा अंशांच्या पाण्याने उतरू द्यावेत, शेवटचा टप्पा अमोनियाच्या कॉम्प्रेसरने घ्यावा. दूध भुकटीच्या प्लँटमध्ये बॉयलर असतोच, आणि इव्हॅपोरेटरवर वाफ पुन्हा दाबणारा थर्मोकॉम्प्रेसर असतो, तो म्हणजे इजेक्टरच. तिथल्या माणसांना ही नळी परकी नाही. बर्फाच्या खाली जायचं काम मात्र हिला सांगू नये. पाण्याचं यंत्र पाण्याच्या गोठणबिंदूशी थांबतं. द्राक्षाला शून्याजवळ ठेवायचं असेल तर दुसरं यंत्र लागेल.

मग बारीकसारीक गोष्टी. बारीक म्हणायच्या, पण चालू प्लँटमध्ये कार्यक्षमता इथूनच गळते. वाफ ओली असेल तर तिच्यातले थेंब नॉझलला कानशीसारखे घासतात. वाफेच्या लाइनवर सेपरेटर हवा, ट्रॅप चालू हवा, लॅगिंग फाटलेलं नको, आणि नॉझलशी वाफ पाच-दहा अंशांनी सुपरहीट असेल तर उत्तम. हवेचं उलटं. इथे गळती बाहेर पडत नाही, आत येते. थेंब पडत नाही, फुसफुस ऐकू येत नाही, जमीन ओली होत नाही. आत आलेली हवा कंडेन्सरमध्ये जाऊन बसते, तिचं काही पाणी होत नाही, आणि दाब त्या मर्यादेकडे ढकलते. ती शोधायची रीत सोपी आहे: सगळं बंद करायचं, व्हॅक्यूम गेजचा काटा लिहून ठेवायचा आणि तो तासाभरात किती सरकतो ते बघायचं. फ्लँजचं गॅस्केट, व्हॉल्व्हची ग्लँड, गेजकाचेचं पॅकिंग. दोषी बहुधा यांच्यातलाच एखादा निघतो.

आणि सगळं सुधारून हातात काय पडतं? बॉयलरमध्ये घातलेल्या उष्णतेच्या तीस ते पन्नास टक्के एवढी थंडी. याच उष्णतेवर लिथियम ब्रोमाइडचा अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर चालवला तर साध्या प्रकारातही सत्तर टक्क्यांपर्यंत मिळते. विजेवरचा चांगला चिलर एका युनिटमागे पाच-सहा युनिटं थंडी देतो; ती वीज औष्णिक केंद्रात कोळसा जाळून आली आणि वाटेत दोन तृतीयांश उष्णता गेली असं धरलं तरी तो पुढे राहतो. तेव्हा इजेक्टरसाठी मुद्दाम इंधन जाळणं मला पटत नाही. जी वाफ किंवा उष्णता एरवी आकाशात जाणार आहे, तिच्यावर तो चालवावा. फुकटच्या उष्णतेचे चाळीस टक्के आणि विकतच्या उष्णतेचे चाळीस टक्के, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कागदावर त्या सारख्या दिसतात.

कार्यक्षमता कशाच्या तुलनेत मोजायची, हा प्रश्न आता मनात आला असेल, तर तो घेऊन आगीकडे चला. तिथे तो आणखी तिखट होतो.

बंब तळ्याकाठी उभा आहे. पंप सेंट्रिफ्युगल, त्याला पाणी ढकलता येतं, हवा ओढता येत नाही. सक्शन होज हवेने भरलेला आहे. काही बंबांवर ती हवा काढायचं काम इंजिनाचा धूर करतो. एक्झॉस्ट वळवून इजेक्टरमधून सोडला की तो होजमधली हवा ओढून नेतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब तळ्यातलं पाणी वर चढवतो. हिशेबाने दहा मीटर, प्रत्यक्षात सातएक. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे; अग्निशमन शिकणाऱ्याला हवा काढणाऱ्या साधनांचे, म्हणजे प्रायमरचे, असे प्रकार पाठच असावे लागतात. या इजेक्टरची कार्यक्षमता शेकडा किती, हे तिथे कुणी विचारत नाही. पाणी किती सेकंदांत आलं, हे विचारतात. आणि ते उशिरा आलं तर दोष बहुधा इजेक्टरचा नसतो, कपलिंगमधल्या झिजलेल्या वॉशरचा असतो. आत शिरणारी हवा इथेही आवाज करत नाही.

फोमचा इंडक्टर बघा. होजमधलं पाणी अरुंद तोंडातून जोरात जातं आणि बाजूच्या कॅनमधलं फोम कंपाउंड शेकडा तीन किंवा सहा या प्रमाणात ओढतं. वाफेच्या जागी पाणी, बाकी तीच नळी, आणि तोच कडेलोट. इंडक्टरच्या पुढे होज फार लांब जोडला, ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाचं नॉझल, वरच्या मजल्यावर नेली किंवा अर्धवट बंद केली, तर पुढचा दाब चढतो. तो मागच्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांशापलीकडे गेला की कंपाउंड ओढणं थांबतं. ब्रँचमधून धार येतच राहते, फक्त ती साध्या पाण्याची असते. जळत्या तेलावर साधं पाणी पडलं तर तेल त्याच्यावर तरंगत पसरतं. कंडेन्सरच्या दाबाबद्दल मघाशी जे वाचलंत, ते या जवानाच्या हातातल्या धारेशी जोडून बघा. दोन्ही ठिकाणी चूक पुढे घडते आणि दिसते मागे.

वाफ स्वतःही आग विझवते. जुन्या जहाजांच्या मालकोठारांत वाफ सोडायची सोय असे, आणि रिफायनरीच्या भट्ट्यांना आजही स्नफिंग स्टीमची लाइन असते. वाफ हवेला बाजूला सारते, ऑक्सिजन कमी पडतो. पण जागा बंद हवी आणि गरम हवी. थंड भिंतीला लागून वाफेचं पाणी झालं की तिची जागा घ्यायला हवा परत आत येते. आत माणूस असेल तर वाफ त्याला सोडत नाही. शिवाय ओल्या वाफेच्या झोतातून स्थिर वीज निर्माण होते. १८४० मध्ये इंग्लंडातल्या एका कोळसा खाणीवर बॉयलरमधून गळणाऱ्या वाफेत हात घातलेल्या इंजिनवाल्याला शॉक बसला, आणि विल्यम आर्मस्ट्राँग यांनी त्यावरून वीज निर्माण करणारं यंत्रच उभं केलं. ज्वालाग्राही बाष्प भरलेल्या टाकीत वाफ सोडायची घाई का करू नये, ते यावरून कळेल.

शेवटचा थांबा पाण्याच्या धुक्यापाशी. जोराच्या वाफेची आणि पाण्याची भेट घडवली तर पाणी फाटून धुकं होतं. एक लिटर पाणी एक मिलिमीटरच्या थेंबांत असेल तर त्याचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर. एक दशांश मिलिमीटरच्या थेंबांत साठ. पृष्ठभाग दहापट म्हणजे तेवढ्याच पाण्याकडून उष्णता झपाट्याने शोषली जाते. तीस अंशांचं लिटरभर पाणी पूर्ण वाफ होताना सुमारे २,५५० किलोज्यूल घेतं आणि सोळाशे-सतराशे पट फुगून ज्वालेजवळची हवाही रेटतं. थेंब न उडता जमिनीवर ओघळला, तर यातला जेमतेम दहावा हिस्सा वसूल होतो. आता हिशेब करा, ते साठ चौरस मीटर तयार करायला पृष्ठताणाविरुद्ध किती ऊर्जा लागली? चार ज्यूल. लिटरभर पाणी हातभर उचलायला लागते तेवढी. झोताने खर्च केलेले असतात हजारो ज्यूल. धुकं पाडणारं यंत्र म्हणून या नॉझलची कार्यक्षमता एक टक्कासुद्धा भरत नाही. १९९१ मध्ये कुवेतच्या तेलविहिरी विझवायला हंगेरीच्या पथकाने रणगाड्यावर मिग-२१ ची दोन जेट इंजिनं बसवून त्यांच्या झोतात पाणी सोडलं होतं. तिथला इंधनाचा हिशेब तर विचारूच नका. विहीर विझली.

शीतयंत्रात वेगाच्या भेटीतली घट म्हणजे तोटा, आणि धुक्यात त्याच हिसक्याने थेंब फाटतात. नळी तीच. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: इजेक्टर सुधारायला निघालेल्याने आधी चढण किती मागितली आहे ते बघावं, मग कंडेन्सर आणि हवेची गळती, मग वाफेचा कोरडेपणा, आणि नळीच्या आतला आकार शेवटी. बहुतेक पैसे पहिल्या तिन्हींतच सुटतात.

तुमच्याकडे इजेक्टर असेल तर पुढच्या शटडाउनला एवढं करा. नॉझल उघडा, साफ करा, थ्रोटचा व्यास प्लग गेजने मोजा आणि ड्रॉइंगवरच्या आकड्याशी ताडून बघा. व्यास पाच टक्क्यांनी वाढला असेल, तर त्याच प्रेशरला वाफेचा खर्च दहा टक्क्यांनी वाढलेला आहे आणि ओढ मात्र वाढलेली नाही.